तिसऱ्या दिवशीचा प्रश्न

पावसाळा सरत आला की नागपुरात तापाचे पेशंट वाढतात आणि धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत कॉट मिळणं अवघड होतं. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, स्क्रब टायफस; पहिल्या दिवशी सगळे नुसते तापच दिसतात. डेंग्यू विषाणूचा, त्याला अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. स्क्रब टायफस मात्र जिवाणूचा. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध वेळेवर मिळालं तर जीव वाचतो.

म्हणून पेशंट अत्यवस्थ असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत, आणि बसूही नये. कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जिवाणू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेऊन लगेच अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं अँटिबायोटिक सुरू करतात. आधी रक्त, मग डोस हा क्रम महत्त्वाचा, कारण औषध अंगात गेल्यावर बाटलीत जिवाणू वाढेलच असं नाही.

खरी गडबड पुढे होते. पेशंट सुधारतो, सुरू केलेलं इंजेक्शन कोणी थांबवत नाही. दरम्यान आतड्यांतले साधे जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळतं.

अँटिबायोटिक स्टुअर्डशिप, म्हणजे अँटिबायोटिक गरजेपुरतं आणि नेमकं वापरण्याची शिस्त, इथेच आडवी येते. संसर्गतज्ज्ञ किंवा फिजिशियन, मायक्रोबायोलॉजिस्ट, फार्मासिस्ट, नर्स यांची टीम ४८ ते ७२ तासांनी केसपेपर उघडते. कल्चरमध्ये काय आलं? जिवाणू नसेल तर औषध बंद करता येईल का? असेल तर त्याच्यापुरतं नेमकं औषध देता येईल का? पेशंट जेवायला लागला असेल तर सलाईनऐवजी गोळी चालेल का? किती दिवस द्यायचं, तेही तेव्हाच लिहून ठेवतात. न्यूमोनियाच्या पुष्कळ साध्या रुग्णांना पाच दिवस पुरतात.

यात पेशंटचा जीव टांगणीला लागत नाही का, ही शंका रास्त आहे. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २२१ अभ्यास तपासले गेले. अशा उपायांनी औषधांचे दिवस सरासरी ११ वरून साधारण ९ वर आले, मृत्यू वाढले नाहीत. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले: नेहमीसाठी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. कोलिस्टिन तिसऱ्या गटात आहे. मूत्रपिंडाला त्रासदायक असूनही ते लागतं, कारण काही जिवाणूंवर दुसरं काही उरलेलंच नसतं. म्हणून अशा औषधाला अनेक ठिकाणी टीमची परवानगी लागते.

नातेवाइकांना मात्र हे उलटं वाटतं. ‘इंजेक्शन काहून बंद केलं जी?’ असं वॉर्डात विचारलं जातं, तेव्हा डॉक्टरांनी दोन मिनिटं थांबून सांगायला हवं: रिपोर्ट डेंग्यूचा आहे, आता प्लेटलेट, लघवी आणि पाणी यांवर लक्ष ठेवायचं आहे.