प्रथिनातले दोन अवशेष ‘लागून’ आहेत, म्हणजे किती जवळ?

प्रथिनाची रचना हाती आली की पहिला प्रश्न असतो, कोणता अवशेष कोणाला लागून आहे? साखळीत गुंफलेल्या प्रत्येक अमिनो आम्लाला अवशेष म्हणतात. साखळीत एकमेकांपासून शंभर-दीडशे घरं लांब असलेले दोन अवशेष घडी पडल्यावर शेजारी येऊन बसतात, आणि प्रथिनाचा आकार, त्याचं टिकणं, त्याचं काम हे सगळं या शेजारावर अवलंबून असतं. पण ‘लागून’ म्हणजे नेमकं किती? एक प्रोग्रॅम ४.५ अँगस्ट्रॉम म्हणतो, दुसरा ६.५, तिसरा ८. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. यातला एकही आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही. प्रत्येकामागे कुणाचा तरी एक ठरावीक प्रश्न होता. तो प्रश्न माहीत नसला की आकडा भलत्याच कामाला जुंपला जातो, आणि असं होताना मी फार वेळा पाहिलं आहे.

सुरुवातीला प्रश्न होता गर्दीचा. १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनाची तीनपदरी रचना मांडली. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांचा तिच्यावर आक्षेप होता की काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, एवढी जवळीक खपणार नाही. आक्षेप रास्त होता, पण त्यातून एक साधा प्रश्न उघडा पडला. खपणारी जवळीक म्हणजे किती, हे ठरवलं कुणी? मग रामचंद्रन आणि व्ही. शशिशेखरन यांनी तोवर उलगडलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना चाळल्या आणि अणूंच्या प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा काढल्या, एक नेहमीची आणि एक टोकाची. दोन हायड्रोजनांसाठी २.० आणि १.९ अँगस्ट्रॉम, दोन कार्बनांसाठी ३.२ आणि ३.०. सी. रामकृष्णन यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला, आज जगभर रामचंद्रन आलेख म्हणून ओळखला जाणारा नकाशा याच मर्यादांतून निघाला. प्रत्येक अवशेषापाशी साखळी ज्या दोन कोनांतून वळते ते फिरवत जायचं आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात ते बघायचं. आदळतात ती जागा वर्ज्य, उरलेली मोकळी. पाठ्यपुस्तकांत हा आलेख कोनांचा म्हणून शिकवतात. मला तो पहिल्यापासून संपर्कांचा आलेख वाटत आला आहे.

तोवर प्रत्यक्ष प्रथिनं दिसू लागली होती. जॉन केंड्र्यू यांच्या गटाने १९५८ मध्ये मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाची ढोबळ आणि १९६० मध्ये २ अँगस्ट्रॉमपर्यंतची बारीक रचना दाखवली. पाण्याला टाळणारे अवशेष आतल्या बाजूला एकमेकांना बिलगून बसत असणार, असा वॉल्टर कॉझमन यांचा १९५९ चा युक्तिवाद होता. तो आता डोळ्यांनी पडताळता येत होता. १९७१ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवन इथे प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनरचनांचा संग्रह, सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या ७ रचना होत्या. आज ही संख्या दोन लाखांच्या पुढे आहे.

त्याच सुमारास संपर्कांचा नकाशा रुळला. तो एकदा हाताने काढून पाहावा, कारण इतकी मोठी गोष्ट इतक्या थोडक्यात दाखवणारं चित्र दुसरं नाही. चौकटीचा कागद घ्यायचा, आडवे अवशेष १ पासून शेवटपर्यंत, उभेही तसेच, आणि जी जोडी जवळ असेल तिच्या चौकटीत ठिपका द्यायचा. मधला कर्ण आपोआप भरतो, कारण साखळीतला शेजारी जवळ असणारच. अल्फा वळसा, म्हणजे साखळीचा मळसूत्री भाग, आला की कर्णाला चिकटून एक जाड पट्टी उठते, कारण तिथे प्रत्येक अवशेष आपल्यापुढच्या चौथ्याला गाठतो. साखळी मागे वळून उलट दिशेने स्वतःशेजारी धावली, की कर्णाला काटकोनात रेघ फुटते. साखळीचे दोन ताणलेले पट्टे एकाच दिशेने शेजारी गेले, तर कर्णाला समांतर रेघ मिळते. कर्णापासून लांब कोपऱ्यात पडलेला एखादा एकटा पुंजका सगळ्यात बोलका असतो. साखळीची दोन लांबची टोकं तिथे गाठ मारून बसलेली असतात. तीन मितींतली सगळी गुंतागुंत सपाट कागदावर येते आणि प्रथिन कसंही फिरवलं तरी नकाशा तोच राहतो.

रचना साठत गेल्या तसा प्रश्न बदलला. दोन अवशेष जवळ येऊ शकतात का, हे विचारून झालं होतं. आता विचारलं जाऊ लागलं, की कोणाला कोणाची सोबत आवडते? तनाका आणि शेरागा यांनी १९७६ मध्ये जोड्या मोजून त्यांना ऊर्जेचे आकडे दिले. १९८५ मध्ये मियाझावा आणि जर्निगन यांनी तो हिशेब पुष्कळ पक्का केला. २० अमिनो आम्लांच्या २१० जोड्या होतात. कोणती जोडी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसते, यावरून तिची ओढ ठरवायची. साखळीतून बाहेर आलेला प्रत्येक अमिनो आम्लाचा स्वतःचा भाग म्हणजे बाजूचा गट; त्यांनी या गटांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर धरलं आणि रेघ ६.५ अँगस्ट्रॉमवर ओढली. मोजणीच्या दृष्टीने ती योग्य होती, कारण पहिल्या फळीतला शेजारी त्यात येतो आणि पलीकडचा सहसा येत नाही. पण हा आकडा सरासरीसाठी आहे. एखाद्या विशिष्ट जोडीत बंध आहे की नाही, हे तो सांगत नाही.

आणि कधी कधी सगळं एकाच जोडीवर येऊन ठेपतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. हा बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये ओळखला. ऑक्सिजन सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या ८५ व्या फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ व्या ल्युसिनने बनलेल्या खाचेत जाऊन बसतं. त्यातून रेणूंच्या लांब काठ्या तयार होतात आणि रक्तपेशी वाकडी होते. इथे सरासरी कामाची नाही. अणूला अणू कुठे टेकतो तेच बघावं लागतं.

असं अणूंपाशी जाऊन बघताना अडचण हायड्रोजनची. क्ष-किरणांनी काढलेल्या बहुतेक रचनांत तो दिसतच नाही. १९९९ मध्ये जेन आणि डेव्हिड रिचर्डसन यांच्या गटाने हायड्रोजन हिशेबाने बसवून सगळ्या अणूंचे संपर्क तपासायची पद्धत आणली. दोन अणू ०.४ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून जास्त एकमेकांत घुसले तर ती टक्कर धरायची. तिचा एक उपयोग मला अजूनही थक्क करतो. अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लाच्या टोकाला एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन असतो. दोघांत एका इलेक्ट्रॉनाचा फरक, त्यामुळे नेहमीच्या प्रतीच्या रचनेत कोणता कुठला ते कळत नाही आणि पुष्कळदा तो गट उलटा बसवलेला असतो. हायड्रोजन बसवले की एका बाजूला टक्कर होते आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन बंध नीट जुळतात. गट अर्धा फेरा वळवला की रचना सुधारते. रामचंद्रन यांचा गर्दीचा प्रश्नच इथे पुन्हा कामाला आला.

एव्हाना तिसरा प्रश्न उभा राहिला होता. रचनाच माहीत नसेल तर संपर्क ओळखता येतील का? दोन अवशेष एकमेकांना टेकलेले असतील, तर उत्क्रांतीत एक बदलल्यावर दुसऱ्यालाही जुळवून घ्यावं लागेल. म्हणून नात्यातल्या अनेक प्रथिनांच्या साखळ्या शेजारी मांडून जोडीने बदलणाऱ्या जागा शोधायच्या. १९९४ मध्ये ख्रिस सँडर, अल्फान्सो व्हॅलेन्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. संकेत मिळाला, पण गढूळ. कारण ‘अ’ टेकतो ‘ब’ला आणि ‘ब’ टेकतो ‘क’ला, तर ‘अ’ आणि ‘क’ एकमेकांना न शिवताही जोडीने बदललेले दिसतात. थेट आणि आडवळणाचं नातं वेगळं काढणारं गणित २००९ मध्ये मार्टिन वाइग्ट आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांवर लावलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत केवळ साखळ्यांवरून आख्ख्या घड्या उभ्या राहू लागल्या.

८ चा आकडा रुळला तो याच कामात. १९९४ पासून भरणाऱ्या कॅस्प या भाकीतस्पर्धेत दोन बीटा कार्बन, म्हणजे बाजूच्या गटांचे पहिले कार्बन, ८ अँगस्ट्रॉमच्या आत असले की संपर्क मानतात. ग्लायसिनला बीटा कार्बनच नाही, म्हणून तिथे साखळीच्या कण्यातला अल्फा कार्बन धरतात. घडी ओळखायला ही व्याख्या उत्तम आहे. पण तीच घेऊन कुणी क्षारसेतू, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांच्या गटांमधले बंध, शोधायला बसतो, तेव्हा वाईट वाटतं. आर्जिनिन आणि ग्लुटामेट हात, म्हणजे बाजूचे गट, लांब करून एकमेकांना धरतात, आणि तेव्हा त्यांचे बीटा कार्बन ८ च्या बाहेर सहज असू शकतात. उलट दोन लायसिन पाठीला पाठ लावून पाण्यात हात पसरून असतात, कशालाच न धरता, आणि यादीत मात्र संपर्क म्हणून येतात.

२०१८ मध्ये अल्फाफोल्ड या प्रथिनरचना वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीने हो-नाहीचा ठिपका सोडून दिला आणि प्रत्येक जोडीसाठी २ ते २२ अँगस्ट्रॉममधल्या अंतरांची शक्यता वर्तवली. २०२० च्या आवृत्तीने थेट अणूंच्या जागाच दिल्या. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेव्हिड बेकर यांच्यासोबत या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा होता. आता २० कोटींहून जास्त भाकीत रचना खुल्या आहेत आणि संपर्क मोजणारे जुने प्रोग्रॅम त्यांच्यावर सर्रास चालवले जातात. अशा रचनेत सापडलेला संपर्क बऱ्याच अंशी साखळ्यांच्या त्याच जोडीने बदलण्यातून आलेला असतो. त्यामुळे तो संपर्क दाखवून ‘बघा, उत्क्रांतीनेही या जागा जोडीने जपल्या आहेत’ म्हटलं, तर तो वेगळा पुरावा होत नाही. त्या रचनेत प्रत्येक अवशेषापुढे १०० पैकी विश्वासाचा आकडाही दिलेला असतो. तो ५० च्या खाली असेल तर साखळीचा तो भाग नुसता लोंबता काढलेला असू शकतो, आणि त्याचे संपर्क यादीतून आधीच काढून टाकावेत.