गोळी बंद, औषध चालू

हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवण्यासाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांपैकी काहीजण घरच्या घरी एक प्रयोग करून पाहतात. हात थरथरतात, झोप लागत नाही, उन्हात गेलं की चेहरा चुरचुरतो. मग चार दिवस गोळी बंद ठेवायची. त्रास तसाच राहतो, म्हणजे तो गोळीचा नव्हताच. ठोकेही बिघडत नाहीत, म्हणजे गोळीची गरजही नव्हती. हे दोन्ही निष्कर्ष चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात.

ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉलसारखं औषध रक्तात निम्म्यावर यायला काही तास पुरतात. अमिओडॅरोन दीर्घकाळ घेतलं असेल तर त्याच कामाला सरासरी ५० ते ६० दिवस लागतात, काहींना शंभराहूनही जास्त. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज मुरतं. यकृत, फुप्फुस, त्वचा, थायरॉईड सगळीकडे त्याचा साठा होतो. म्हणून सुरुवातीला हा साठा भरून घ्यावा लागतो. तोंडाने द्यायची एक रूढ पद्धत अशी : पहिला आठवडा २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दुसरा आठवडा दोनदा, मग रोज एकदा. या भरतीच्या काळात मळमळ, तोंडाची बेचव, बद्धकोष्ठता जास्त जाणवते. गोळी जेवणासोबत आणि डोस विभागून घेतला की हा त्रास बराच कमी होतो. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, साठ्याला एका गोळीने फरक पडत नाही.

हा साठा ‘डिटॉक्स’ने बाहेर निघतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. अमिओडॅरोन डायलिसिसनेही निघत नाही. ते यकृतातून पित्तावाटे, आपल्या गतीने जातं.

एक खबरदारी इथेच. ‘चार दिवस बंद ठेवून काही झालं नाही’ हा अनुभव दुसऱ्या गोळ्यांना लावू नका. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर अचानक थांबवले तर ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं. ते टप्प्याटप्प्यानेच कमी करतात.

आता आयोडीन. अमिओडॅरोनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे दोन अणू आहेत, आणि आयोडीनचा अणू जड असल्याने औषधाच्या वजनातला सुमारे ३७ टक्के भाग नुसता आयोडीनचा. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम. त्यातलं रोज सहा-सात मिलिग्रॅम सुटं होऊन रक्तात येतं. प्रौढ माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे थायरॉईड ग्रंथीपुढे रोज गरजेच्या चाळीसपट आयोडीन येऊन पडतं. म्हणून गोळी सुरू झाल्यावर आयोडीनयुक्त मीठ सोडण्यात अर्थ नाही, मिठातलं आयोडीन या ढिगापुढे किरकोळ आहे. उलट ‘थायरॉईडला बळ देणाऱ्या’ समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मात्र घेऊच नयेत.

एवढं आयोडीन आल्यावर ग्रंथी काय करते? सहज वाटेल की कच्चा माल वाढला तर उत्पादन वाढेल. होतं उलटं. वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८मध्ये उंदरांवर दाखवलं की आयोडीनची पातळी एका मर्यादेपुढे गेली की ग्रंथी हॉर्मोन बनवणंच थांबवते. पेशीत साचलेलं आयोडाइड हॉर्मोन घडवणाऱ्या एन्झाइमला रोखून धरतं. पण बंद कारखाना फार काळ परवडत नाही. काही दिवसांत पेशी आयोडाइड आत ओढणारे आपले पंप कमी करते. बाहेर पूर असला तरी आतली पातळी उतरते आणि काम पुन्हा सुरू होतं. निरोगी ग्रंथी अमिओडॅरोनचा पूर असा पचवते.

ज्यांची ग्रंथी आधीच दुखावलेली आहे, विशेषतः ज्यांच्या रक्तात थायरॉईडविरोधी अँटिबॉडी आहेत, त्यांना हे पंप वेळेवर कमी करता येत नाहीत. कारखाना बंदच राहतो. थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं, मंद नाडी. यावर लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हॉर्मोनचीच गोळी, दिली जाते, त्यासाठी अमिओडॅरोन सोडावंच लागतं असं नाही. औषध सुरू करण्यापूर्वी टीएसएच (मेंदूकडून थायरॉईडला आदेश देणारं हॉर्मोन) यासोबत टीपीओ ही थायरॉईडविरोधी अँटिबॉडी तपासली तर हा धोका आधीच कळतो.

दुसरी बाजू, म्हणजे रक्तात हॉर्मोन जास्त होणं, जास्त अवघड आहे. तिचे दोन प्रकार आहेत. ग्रंथीत आधीपासून गाठी असतील तर त्या नियंत्रण जुमानत नाहीत, मिळालेल्या आयोडीनचं भरमसाट हॉर्मोन करतात. हा पहिला प्रकार, त्यावर हॉर्मोनचं उत्पादन रोखणारं कार्बिमॅझोल. दुसऱ्या प्रकारात औषध ग्रंथीच्या पेशीच फोडतं आणि आत साठवलेलं तयार हॉर्मोन रक्तात गळतं. तिथे उत्पादन थांबवून फारसा उपयोग नाही, दाह कमी करणारं प्रेडनिसोलोन लागतं. डॉप्लर सोनोग्राफीत पहिल्या प्रकारात ग्रंथीचा रक्तप्रवाह वाढलेला, दुसऱ्यात जवळपास नसलेला दिसतो. दोन्ही मिसळलेलेही आढळतात. आणि लक्षणं लपतात : थायरॉईड वाढल्यावर एरवी धडधड होते, पण अमिओडॅरोन ठोक्यांना लगाम घालून बसलेलं असतं. म्हणून खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात. कारण नसताना वजन उतरणं, स्थिरावलेली लय पुन्हा बिघडणं, किंवा रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचा तोच डोस चालू असताना आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं याचं माप) अचानक वर जाणं.

रिपोर्ट वाचतानाही घोटाळा होतो. थायरॉईडची हॉर्मोन दोन, टी-४ आणि टी-३; अमिओडॅरोन टी-४चं टी-३मध्ये रूपांतर अडवतं. त्यामुळे ग्रंथी ठणठणीत असूनही पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडा वर, टी-४ वर आणि टी-३ खाली दिसतो. टीएसएच पुढे जागेवर येतो, टी-४ मात्र वरच्या काठावर राहू शकतो. फक्त टी-४चा आकडा पाहून ‘थायरॉईड वाढलं’ म्हणणं घाईचं. तीन महिन्यांनंतरचा टीएसएच विश्वासाचा, आणि मग दर सहा महिन्यांनी, यकृताच्या तपासणीसोबत. यकृताची एन्झाइम्स कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेली तर डोस कमी करायचा की औषध बंद करायचं, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

त्वचेचा त्रास उन्हातल्या यूव्हीए या अतिनील किरणांमुळे होतो. सनस्क्रीनवरचा एसपीएफ प्रामुख्याने यूव्हीबी या दुसऱ्या अतिनील किरणांबद्दल सांगतो, म्हणून एसपीएफ ५० लावूनही काहींचा चेहरा भाजतो. झिंक ऑक्साइड असलेलं, यूव्हीएपासून संरक्षण लिहिलेलं क्रीम घ्यावं. साध्या काचेतून यूव्हीए आरपार जातो, तेव्हा खिडकीजवळ किंवा गाडीत बसतानाही लांब बाह्या आणि क्रीम हवं. वर्षानुवर्षांच्या वापराने काहींचा चेहरा निळसर-करडा होतो, तो औषध थांबल्यावर फार हळू फिकटतो.

डोळ्यांच्या पारपटलावर बारीक कण जवळजवळ सर्वांच्याच बसतात. रात्री दिव्याभोवती वलय दिसलं तर घाबरायचं कारण नाही. नजर अचानक अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

फुप्फुसाचा त्रास क्वचित होतो, पण सगळ्यांत गंभीर तोच. नवा कोरडा खोकला, चढताना लागणारा दम, बारीक ताप : याला सर्दी समजून महिनाभर खोकल्याचं औषध घेत बसू नये. सुरुवातीचा एक्स-रे जपून ठेवावा, नव्याशी ताडून पाहता येतो. नाडी ५०च्या खाली आणि सोबत चक्कर असेल तरीही डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

इतर औषधांशी गाठ पडते तेव्हा वॉरफरिनचा डोस साधारण ३० ते ५० टक्के कमी करावा लागतो. हा परिणाम काही आठवड्यांत हळूहळू चढतो, म्हणून त्या काळात आयएनआर आठवड्याला. हृदयासाठीचं डिगॉक्सिन निम्मं, कोलेस्टेरॉलचं सिमवास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नाही, ग्रेपफ्रूटचा रस नको. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहून मिळालं तर आधी अमिओडॅरोनचा उल्लेख करावा, दोन्ही मिळून ईसीजीतला क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्यापर्यंतचा काळ, लांबवतात.

डॉक्टरांनी औषध बंद केल्यावरही हा हिशोब काही महिने चालतो. उन्हाची काळजी चालूच ठेवायची, टीएसएच वर्षभर पाहत राहायचा. वॉरफरिनची गरज पुन्हा हळूहळू वाढते, त्यामुळे आयएनआरही पाहावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारतात, तेव्हा चार महिन्यांपूर्वी बंद झालेलं अमिओडॅरोनही त्या यादीत, तारखेसह, असायला हवं.