फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवताना : रेडिओ ट्रिगरबद्दल थोडं

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘ट्रिगर’ म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश वायरविना पेटवणारं साधन. ‘ट्रिगर बिघडलाय’ म्हणून आमच्याकडे जे ट्रिगर परत येतात, त्यातल्या बऱ्याच ट्रिगरना काहीही झालेलं नसतं. कुठे चॅनेल (रेडिओचा क्रमांक) जुळत नसतो, तर कुठे कॅमेऱ्यात बिनआवाजाचं शटर चालू राहिलेलं असतं. तुमची एक फेरी वाचावी म्हणून हे पत्रक. खोक्यातल्या पुस्तिकेत बटणांची नावं मिळतात, अडल्यावर आधी काय बघायचं ते मिळत नाही.

ट्रिगर करतो काय?

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश सरळ समोर पडतो. चेहरा सपाट होतो आणि मागच्या भिंतीवर सावली चिकटते. तोच फ्लॅश हातभर बाजूला, डोळ्यांच्या जरा वर नेला की नाक-गालांना उठाव येतो. पण मग त्या दूरच्या फ्लॅशला ‘आता!’ असं सांगायचं कुणी? वायरने काम होतं, पण कुणाचा तरी पाय तिच्यात अडकतो आणि उजेड मऊ करणाऱ्या छत्रीसकट स्टँड आडवा होतो. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारे ऑप्टिकल स्लेव्ह खोलीत ठीक, पण भर उन्हात आंधळे. शिवाय शेजारी कुणीही फ्लॅश मारला की त्यालाही ओ देतात.

रेडिओ ट्रिगरला ऊन-सावलीचा फरक पडत नाही आणि फ्लॅश नजरेच्या टप्प्यात असावा लागत नाही. हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, ट्रान्समीटर बसतो, फ्लॅशखाली रिसीव्हर. शटर पूर्ण उघडलं की हॉट शूच्या मधल्या पिनवर संपर्क जुळतो, ट्रान्समीटर निरोप सोडतो आणि फ्लॅश पेटतो. अलीकडच्या बऱ्याच फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच असतो.

त्या मधल्या पिनबद्दल एक सूचना. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांत ती पिन दिलेलीच नाही. एका पिनवर चालणारा साधा ट्रिगर त्यांवर पेटणारच नाही, कितीही सेल बदला. या कॅमेऱ्यांसाठी ट्रिगर घेताना मॉडेल आधी सांगा.

साधा की टीटीएल?

साधा ट्रिगर फक्त ‘पेट’ म्हणतो, ताकद फ्लॅशवर हाताने लावायची. टीटीएलमध्ये (‘थ्रू द लेन्स’, म्हणजे लेन्समधून मोजणं) फ्लॅश आधी एक बारीक झलक मारतो, कॅमेरा ती मोजतो आणि ताकद ठरवतो. माणसं पुढे-मागे फिरत असतील तर टीटीएल सोयीचं. पण माणूस खुर्चीवर बसलाय आणि फ्लॅश जागचा हलत नाहीये, तर आम्ही मॅन्युअलच, म्हणजे ताकद हाताने लावणं, सुचवतो. टीटीएल पांढरा शर्ट दिसला की उजेड कमी करतं, काळा कोट दिसला की वाढवतं. मॅन्युअलमध्ये पहिला फोटो जमला की पुढचे पन्नासही तसेच येतात. मात्र अंतराकडे लक्ष ठेवा : फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो.

ताकद कॅमेऱ्यावरूनच बदलता येणारा ट्रिगर मिळाला तर घ्या. छत्रीत अडकवलेल्या फ्लॅशची बटणं दाबायला दर वेळी स्टँड खाली उतरवणं काय असतं, ते एकदा केल्यावर कळतं.

फोटोत काळी पट्टी

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते, म्हणून सविस्तर. शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत (आकडा कॅमेऱ्यागणिक बदलतो) पूर्ण सेन्सर एकदम उघडा असण्याचा क्षण मिळतो. फ्लॅश त्याच क्षणात पडायला हवा. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा पोहोचण्याआधीच दुसरा निघतो, सेन्सरवरून नुसती फट सरकत जाते आणि झाकलेल्या भागाला फ्लॅशचा उजेड मिळत नाही. तीच ती पट्टी.

त्यात रेडिओचा निरोप पोचायलाही किंचित वेळ जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत १/२५० लिहिलं असलं तरी साध्या ट्रिगरवर १/२०० किंवा १/१६० वर थांबावं लागू शकतं. तुमच्या जोडीचा आकडा घरीच काढा : खोलीत अंधार करा, फ्लॅश फिकट भिंतीकडे वळवा आणि १/१२५ पासून एकेक पायरी वर जात फोटो काढा. एका कडेला काळं दिसू लागलं की एक पायरी मागे या.

दुपारच्या उन्हात मोठं ॲपर्चर (लेन्सचं भोक) ठेवून काम करायचं असेल तर हाय स्पीड सिंक लागतं. त्यात फ्लॅश एका झटक्याऐवजी अतिशय वेगाने लागोपाठ बारीक झटके देतो. पट्टी जाते, पण ताकदही दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) किंवा त्याहून जास्त घटते. आणि ही सोय ट्रिगर, फ्लॅश आणि कॅमेरा या तिघांतही असावी लागते.

फ्लॅश पेटत नसेल तर

ट्रिगर आधी हॉट शूत शेवटपर्यंत सरकवून रिंग आवळा. मग चॅनेल, ग्रुप (फ्लॅशचा गट) आणि असल्यास आयडी (ओळख क्रमांक) दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहा. पहिलाच फोटो काळा येऊन पुढचे नीट येत असतील तर फ्लॅश झोपी गेलेला असतो, त्याचा स्लीप मोड बंद करा. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असताना बहुतेक मॉडेलांत फ्लॅश पेटतच नाही, तेव्हा मेकॅनिकल शटर लावा.

एकदा एक ग्राहक घाबरेघुबरे आले : ट्रिगर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. कॅमेरा ठणठणीत होता. खोलीत १/२०० आणि एफ/८ लावल्यावर फ्लॅशविना फोटो जसा आला असता तसाच तो आधी दाखवत होता. एक्स्पोजर प्रीव्ह्यू बंद केला आणि प्रश्न मिटला.

आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, जिथे वाय-फाय आणि ब्लूटूथचीही वर्दळ असते. मधूनमधून चुकत असेल तर चॅनेल बदला. माणसांच्या अंगातलं पाणी ही लहर शोषून घेतं, म्हणून गर्दीत रिसीव्हर डोक्यांच्या वर ठेवा. खोक्यावरचे १०० मीटर मोकळ्या मैदानातले समजा. उलट काही ट्रिगर फ्लॅशच्या फार जवळ असले तरी अडतात, त्यांच्यात जवळच्या अंतराची वेगळी सेटिंग असते.

जुना फ्लॅश असेल तर जपून

काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी २०० व्होल्टच्याही वर दाब असतो. नवा ट्रिगर त्याने जळू शकतो, कॅमेराही. आणून द्या, मल्टिमीटर लावून दोन मिनिटांत सांगतो. काम नसताना सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की रिसीव्हरची पाती खाऊन टाकतो, आणि त्यावर वॉरंटी लागू होत नाही.

दुरुस्तीला येताना कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही सोबत आणा. नुसता ट्रिगर आणलात तर तो आमच्या कॅमेऱ्यावर छान चालतो आणि तुमची अडचण तुमच्याबरोबर घरी परत जाते.