‘टू-एक्स’ की ‘फोर-एक्स’? इम्युलेटरच्या ग्राफिक्स मेनूची पार्श्वभूमी

लातूरच्या ट्यूशन एरियात काय किंवा हिंगोलीच्या एखाद्या गल्लीत काय, जुन्या कन्सोलचे गेम आता पोरांच्या अँड्रॉइड फोनवर चालतात. इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारं ॲप) टाकला की मित्राच्या फोनमधली सेटिंग, मूळच्या दुप्पट (टू-एक्स) की चौपट (फोर-एक्स) रेझोल्यूशन हीसुद्धा, जशीच्या तशी उतरवून घ्यायची पद्धत आहे. मग गेम अडकतो. त्याच्या ग्राफिक्स मेनूतले बहुतेक पर्याय कुठल्या तरी एका कन्सोलच्या, एका काळातल्या अडचणीवर निघालेले उपाय आहेत. ती अडचण आपल्या गेममध्ये नसेल, तर फोनवर नुसता भार पडतो.

जानेवारी १९९९ मध्ये अल्ट्राएचएलई या इम्युलेटरने निन्टेंडो ६४चे गेम साध्या पीसीवर खेळता येतील अशा वेगाने चालवले, तेही कन्सोल बाजारात असताना. त्याला थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू ग्राफिक्स कार्डच लागे, कारण तो फक्त ग्लाइडवर, म्हणजे त्या कार्डाशी बोलायच्या खास पद्धतीवर, लिहिलेला होता. आजच्या ‘बॅकएंड’मधली ओपनजीएल की व्हल्कन (ग्राफिक्स चिपशी बोलायच्या दोन पद्धती) ही निवड त्याच प्रश्नाची आहे. व्हल्कन २०१६चं, त्यामुळे जुन्या फोनमधला त्याचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) कच्चा असेल तर ओपनजीएलच बरं.

प्लेस्टेशन १च्या इम्युलेटरांनी चित्र काढण्याचं काम वेगळ्या प्लगइनकडे (जोड-प्रोग्रॅमकडे) सोपवलं. आपल्याकडे तेव्हा ऑनबोर्ड ग्राफिक्सचे, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले, पीसी आणि भारनियमनाच्या वेळा. प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर प्लगइन हाच अनेकांचा आधार होता. कार्ड असलेल्यांनी रेझोल्यूशन (चित्रातले पिक्सेल) वाढवलं तेव्हा भिंती, चेहरे थरथरताना ठळक दिसू लागले. हा कन्सोल आकृतीचे कोपरे पूर्ण पिक्सेलवर बसवायचा आणि टेक्स्चर (आकृतीवर चढवायचं चित्र) लावताना जवळ-दूरच्या अंतराचा हिशेब करायचा नाही. ३२० बाय २४०च्या चित्रात, जुन्या टीव्हीवर ते खपून जाई. ‘पीजीएक्सपी’ हा पर्याय नेमका त्यासाठी आला.

खरी गुंतागुंत प्लेस्टेशन २ची. २००० सालच्या या यंत्राच्या ग्राफिक्स चिपला मेमरी फक्त ४ एमबी, पण तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. म्हणून गेम बनवणाऱ्यांनी धुकं, चकाकी, सावल्या यांसाठी तीच स्क्रीन पुन्हा पुन्हा रंगवली. रंग मिसळायचे तिचे नियम पीसीच्या कार्डांशी जुळत नाहीत, त्यातून ‘ब्लेंडिंग ॲक्युरसी’च्या पायऱ्या आल्या. पायरी चढवली की चित्र मूळच्या जवळ जातं आणि कार्डावर ताण येतो. हे सगळे हिशेब मूळ पिक्सेलांचे, त्यामुळे रेझोल्यूशन वाढवलं की चकाकी बाजूला सरकते. ‘हाफ पिक्सेल ऑफसेट’ ती जागेवर आणायला आहे. पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २च्या इम्युलेटरमध्येही चित्र काढण्याचं काम अनेक वर्षं प्लगइनकडेच होतं. २०२४च्या २.० आवृत्तीआधीच ते मुख्य प्रोग्रॅममध्ये सामावलं गेलं.

पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलचं गणित सोपं आहे. स्क्रीन ४८० बाय २७२. पीपीएसएसपीपी हा इम्युलेटर २०१२चा, डॉल्फिन या दुसऱ्या इम्युलेटरच्या सुरुवातीच्या कर्त्यांपैकी हेन्रिक रिडगार्ड यांनी सुरू केलेला. त्यात टू-एक्स म्हणजे ९६० बाय ५४४, फोर-एक्स म्हणजे १९२० बाय १०८८, म्हणजे मूळच्या १६ पट पिक्सेल. आपल्याकडच्या स्वस्त फोनची स्क्रीन बहुधा ७२० ओळींची. फोर-एक्सचं चित्र तिच्यावर पुन्हा लहान करूनच दाखवलं जातं, कडा थोड्या मऊ होतात एवढंच. त्यात मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२च्या पुढे जातो, तापलेली चिप आपला वेग स्वतःच कमी करते आणि सकाळी सुरळीत चाललेला गेम दुपारी त्याच सेटिंगवर अडखळतो. अशा वेळी टू-एक्सवर उतरावं. फ्रेमस्किपला (मधल्या फ्रेम गाळण्याच्या पर्यायाला) हात लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.