वुडन १५ वर्षं हरत होते? अजिबात नाही

अमेरिकेत कुठल्याही कॉलेजची बास्केटबॉल टीम सलग हरायला लागली की कोणीतरी फॅन हमखास म्हणतो, कोचला वेळ द्या, यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ) दिग्गज कोच जॉन वुडनना पण पहिलं टायटल जिंकायला १५-१६ वर्षं लागलीच की. टायटलचं खरंय, १९४८ ला आले आणि पहिलं एनसीएए टायटल (अमेरिकेतली कॉलेजांची राष्ट्रीय चॅम्पियनशिप) १९६४ ला. पण त्यावरून ते तोपर्यंत हरत होते आणि अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटने सांभाळून घेतलं, हे साफ चूक. त्यांच्या आधीच्या सीझनला टीम १२-१३ होती (१२ विजय, १३ पराभव), वुडन आले आणि पहिल्याच वर्षी २२-७! यूसीएलएत त्यांचा एकाही सीझनला विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत, १९६२ ला फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल, पण गाठली होती. तेही कसल्या जागेत, तर जुन्या मेन्स जिममध्ये, जिथे जिम्नॅस्टिक्स आणि कुस्तीवालेही त्याच हॉलमध्ये, आणि प्रॅक्टिसआधी कोचसाहेब स्वतः फ्लोअर पुसायचे. पॉली पॅव्हेलियन हे नवं स्टेडियम १९६५ ला आलं, तोवर दोन टायटलं खिशात होती, आणि स्टार खेळाडू ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) टीमकडून खेळायला लागला तो त्यानंतर, म्हणजे अल्सिंडरमुळेच सगळं झालं हेही बाद. त्यामुळे दरवर्षी तळाला असलेल्या कोचसाठी वुडनचं नाव पुढे करू नका राव.