आधी पुसायचे, मग लिहायचे : म्युझिक प्लेअरचे फर्मवेअर बदलताना

नागपुरातील धंतोलीत राहणाऱ्या माझ्या एका दृष्टिहीन स्नेह्यांकडे सॅनडिस्क कंपनीचा 'सान्सा क्लिप प्लस' हा आगपेटीएवढा म्युझिक प्लेअर आहे. २००९ साली बाजारात आलेले हे उपकरण आजही उत्तम वाजते; पण त्याचा मेनू फक्त पडद्यावर दिसतो, बोलत नाही. त्यामुळे हवा तो राग शोधण्यासाठी त्यांना दर वेळी घरातील कोणाला तरी हाक मारावी लागे. रॉकबॉक्स नावाचे फर्मवेअर घातले की मेनू बोलू लागतो, हे कानावर आल्यामुळे ते सीताबर्डीतील एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तेथे त्यांना उत्तर मिळाले, "याच्यात सॉफ्टवेअर मारलं तर मेमरी जळते न काका, मंग हा डब्बा डेडच समजा." हा समज इतका सर्वत्र आहे की त्याचे सविस्तर निराकरण करणे मला आवश्यक वाटते.

मेमरी जळत नाही. एक-दोनदा फर्मवेअर बदलल्याने तिची झीजही म्हणण्यासारखी होत नाही. धोका आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे समजले की तो टाळताही येतो.

फर्मवेअर म्हणजे उपकरण सुरू होताच प्रोसेसर जी आज्ञावली वाचू लागतो, ती. कळ दाबल्यावर काय करायचे, एमपी-३ फाईल कशी उलगडायची, पडद्यावर काय दाखवायचे, हे सारे तिच्यात असते. रॉकबॉक्स ही अशीच, पण सर्वांना खुली असलेली आज्ञावली असून तिचे काम २००१ च्या अखेरीस स्वीडनमधील काही प्रोग्रॅमरांनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी सुरू केले. पुढे ती आयपॉड, सान्सा अशा अनेक उपकरणांवर चालू लागली.

ही आज्ञावली फ्लॅश मेमरीत राहते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी घडवली. १९८४ मध्ये तिचा पहिला प्रकार आणि १९८७ मध्ये आज सर्वत्र वापरला जाणारा नँड प्रकार त्यांनी जगासमोर मांडला. तिच्या प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या पोटात चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक लहानसा थर असतो. त्याला फ्लोटिंग गेट, म्हणजे तरंगते द्वार म्हणतात, कारण त्याला कोणतीही तार जोडलेली नसते. या कोंडलेल्या जागेत इलेक्ट्रॉन असतील तर पेशी ० वाचली जाते आणि नसतील तर १. विद्युतप्रवाह बंद केला तरी इलेक्ट्रॉनांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणूनच आपली गाणी आणि फर्मवेअर वर्षानुवर्षे टिकून राहतात.

मग वाट नसलेल्या खोलीत इलेक्ट्रॉन जातात तरी कसे? शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रानुसार, भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसलेला कण भिंतीपलीकडे जाऊच शकत नाही. पण इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो आणि हा तरंग भिंतीच्या आत शिरताच एकदम शून्य न होता झपाट्याने क्षीण होत जातो. भिंत पुरेशी पातळ असेल तर त्याचा क्षीण अंश पलीकडे पोहोचतो. याचाच अर्थ असा की इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची काही शक्यता शिल्लक राहते. येथे ही भिंत सिलिकॉन डायऑक्साइडची, सुमारे आठ नॅनोमीटर जाडीची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या अंदाजे दहा हजाराव्या भागाइतकी असते. एवढी जाडी एरवी पुरेशी असते आणि इलेक्ट्रॉन आतच राहतात. मात्र चिप जेव्हा पेशीला १५ ते २० व्होल्टचा दाब देते, तेव्हा त्याचा काही भागच या भिंतीवर पडत असला तरी त्या आठ नॅनोमीटरमध्ये दर नॅनोमीटरला सुमारे एक व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र निर्माण होते. सिलिकॉन आणि त्याचा ऑक्साइड यांच्यामधील ऊर्जेचा उंबरठा सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असल्यामुळे, एवढ्या क्षेत्रात तो पलीकडच्या बाजूस उतरत जाऊन त्रिकोणी होतो आणि इलेक्ट्रॉनाला जी भिंत भेदावी लागते तिची जाडी आठवरून तीन नॅनोमीटरच्या आसपास येते. भिंत तेथेच असते, पण इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने ती पातळ झालेली असते. धातूतून तीव्र विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात याचे गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडले होते. तेच गणित पुढे साठ वर्षांनी खिशातल्या उपकरणांत कामाला आले. मला ही गोष्ट आजही थरारक वाटते.

आता महत्त्वाचा मुद्दा. लिहिताना १ चे ० करणे एकेका पानापुरते, म्हणजे पेशींच्या लहान तुकडीपुरते शक्य असते, पण ० चे पुन्हा १ करायचे असेल तर दाब उलट दिशेने द्यावा लागतो आणि तो पेशींच्या संपूर्ण गटालाच देता येतो. या गटाला ब्लॉक म्हणतात. त्या काळातील बऱ्याच चिपमध्ये दोन किलोबाइटांच्या ६४ पानांचा, म्हणजे १२८ किलोबाइटांचा एक ब्लॉक असे. पाटीवरचे एखादे अक्षर बोटाने पुसून तेथे दुसरे लिहिता येते. येथे एक अक्षर बदलायचे असले तरी पाटी पूर्ण धुवावी लागते. ब्लॉक पुसायला सुमारे दोन मिलिसेकंद पुरतात. जुने फर्मवेअर नाहीसे झाले आहे आणि नवे अजून पुरते उमटलेले नाही, अशा काही क्षणांत वीज खंडित झाली, तर प्रोसेसरला वाचण्यासाठी धड काहीच उरत नाही. उपकरण 'ब्रिक' होते म्हणजे हेच होते. त्यात काहीही जळालेले नसते. पाटी अर्धवट लिहिलेली राहिलेली असते.

ती पुन्हा लिहिता येईल की नाही, हे आपण किती खोलवर हात घातला होता यावर अवलंबून असते. प्रोसेसरच्या आत, कारखान्यातच कायमची कोरलेली आणि कोणालाही पुसता न येणारी एक छोटी आज्ञावली असते; ती बूटलोडरला उठवते, बूटलोडर मुख्य फर्मवेअरला उठवतो आणि मुख्य फर्मवेअर आपल्या फायली उघडते. आपण वरच्या पायरीवर बदल केला आणि तो फसला, तर खालची पायरी आपल्याला परत वर आणू शकते. २००५ च्या आयपॉड व्हिडिओमध्ये हार्ड डिस्कला यूएसबीद्वारे संगणकाशी जोडून देणारी सोय एका वेगळ्या चिपमध्ये असते आणि रॉकबॉक्स बसवताना त्या चिपला स्पर्शच होत नाही. म्हणून तेथे काही बिघडले तर मेनू आणि मधली कळ दाबून उपकरण नव्याने सुरू करावे आणि लगेच मधली व प्ले या कळा धरून ठेवाव्यात, म्हणजे डिस्क पुन्हा संगणकावर दिसू लागते.

क्लिप प्लसमध्ये मात्र मूळ फर्मवेअरच्या फाईलमध्येच बदल करावा लागतो. मूळ आज्ञावली दाबून लहान केली जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत रॉकबॉक्सचा चिमुकला बूटलोडर बसवला जातो. ही फाईल प्लेअरवर ठेवून यूएसबीची तार काढली की उपकरण ती स्वतःच फ्लॅशमध्ये लिहून घेते. खरा धोका एवढ्या काही सेकंदांपुरताच असतो. बाकीचे रॉकबॉक्स म्हणजे एका फोल्डरमधील साध्या फायली असतात, त्यामुळे पुढे आवृत्ती बदलताना सहसा ते सेकंद पुन्हा येत नाहीत.

हे समजले की काळजी कशाची घ्यायची ते आपोआप ठरते. सर्वांत आधी उपकरण ओळखावे. जुना सान्सा क्लिप आणि फ्यूझ हे दोन्ही बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पिढ्यांत विकले गेले आणि त्यांच्या आतील चिप निराळ्या आहेत. सेटिंगमधील माहितीच्या पानावर आवृत्तीचा आकडा ०१ ने सुरू होत असेल तर पहिली पिढी, ०२ ने होत असेल तर दुसरी; त्यानुसारच फाईल निवडावी. रॉकबॉक्सचे साधन मूळ फर्मवेअरचा एमडी-५ ठसा, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा, आपल्या यादीशी ताडून पाहते, कारण फाईलमधील एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्णपणे बदलतो. ठसा जुळत नसेल तर फाईल पुन्हा उतरवावी. 'चालून जाईल' म्हणून पुढे जाऊ नये. यूएसबीची सेटिंग एमएससी ठेवावी, म्हणजे प्लेअर पेनड्राइव्हसारखा उघडतो, आणि तार काढण्यापूर्वी संगणकाला 'इजेक्ट' सांगावे, कारण संगणकाने लिहिल्याचे दाखवलेला मजकूर कधी कधी अजून त्याच्याच मेमरीत थांबलेला असतो.

विजेबाबत नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कारण ते १५-२० व्होल्ट चिपला बॅटरीच्या जेमतेम चार व्होल्टांतूनच उभे करावे लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लिथियम बॅटरी चार्ज करण्याची कमाल मर्यादाही साधारण तेवढीच असते. तेव्हा हे काम दुपारी गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत न करता पहाटे करावे. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर लॅपटॉप वापरावा.

एका प्रचाराविषयीही लिहिणे भाग आहे. फर्मवेअर बदलल्यावर आवाज 'उघडतो', शंभर तास वाजवल्यावर तो 'मुरतो', असे दावे करून हेडफोन आणि तारा चढ्या दराने विकल्या जातात. अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप फर्मवेअर बदलल्याने बदलत नाही आणि फ्लॅक फाईल (मूळ ध्वनीतले काहीही न गमावता दाबलेली) कोणत्याही योग्य आज्ञावलीने उलगडली तरी तेच अंक बाहेर येतात. फरक जाणवलाच तर तो बहुधा इक्वलायझरचा किंवा आवाजाच्या पातळीचा असतो. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. रॉकबॉक्सचे खरे मोल निराळे आहे : दोन गाण्यांमध्ये खंड न पडता मैफल सलग ऐकू येते, अनेक प्रकारच्या फायली चालतात आणि मेनू बोलतो.

त्या बोलण्यासाठी एक वेगळी ध्वनिफाईल लागते. क्लिप प्लसची कामाची मेमरी अवघी आठ मेगाबाइटांची असल्यामुळे तेथे ऐनवेळी वाक्ये घडवली जात नाहीत. मेनूतील प्रत्येक शब्द आधीच बोलून साठवलेला असतो. आम्ही ती फाईल शेवटी घातली. त्याआधी डावी कळ धरून प्लेअर सुरू केला आणि जुने फर्मवेअरही शाबूत असल्याची खात्री करून घेतली. आता माझे स्नेही बिहाग स्वतःच शोधून लावतात.