परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि निबंध ऐकणारी मंडळे

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. त्या दिवशी भारत इतिहास संशोधक मंडळाचे एकोणचाळिसावे वर्ष चालू होते आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तिशी ओलांडली होती. आपल्याकडच्या संशोधनाचा इतिहास समजून घ्यायचा तर हा क्रम आधी ध्यानात ठेवावा लागतो. १८५७ साली निघालेले मुंबई विद्यापीठही पहिली साठेक वर्षे मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. समाजशास्त्राचा विभाग विद्यापीठाने काढला तो १९१९ मध्ये. मग त्याआधी सापडलेला ताम्रपट कोणाला दाखवायचा, नवे टिपण कुठे छापायचे, त्यावर हरकत कोण घेणार? हे सगळे होत होते ते वर्गणी भरून जमणाऱ्या सभासदांच्या मंडळांत.

ही रीत मूळची युरोपातली. २८ नोव्हेंबर १६६० रोजी लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात ख्रिस्तोफर रेन यांचे व्याख्यान झाले आणि ते ऐकून बाराजण बसले. दर आठवड्याला भेटायचे, प्रयोग प्रत्यक्ष करून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. तीच रॉयल सोसायटी. कोणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबायचे नाही, हे तिचे ब्रीद. १६६२ मध्ये राजाची सनद मिळाली आणि त्याच वर्षी सभेपुढे प्रयोग करून दाखवण्यासाठी रॉबर्ट हूक यांची नेमणूक झाली.

पण माझ्या मते खरे मोठे काम केले ते चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी. त्या काळी शोध लागला की तो लपवायची पद्धत होती. गॅलिलिओने शनीबद्दलचे आपले निरीक्षण १६१० मध्ये कळवले ते अक्षरांची उलटापालट करून. म्हणजे दुसऱ्याला अर्थ कळू नये, पण पुढे वाद झालाच तर पहिला हक्क आपला. ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. पत्र कधी आले याची नोंद ठेवायची, मजकूर छापायचा, श्रेय ज्याचे त्याला द्यायचे. शोध सांगून टाकण्यातच शोधकाचा फायदा आहे, असा व्यवहार त्यामुळे रुळला. आज प्रत्येक शोधनिबंधावर ‘प्राप्त’ म्हणून तारीख असते, तिचे मूळ इथे आहे. या सोसायटीचे पहिले भारतीय फेलो मुंबईचे जहाजबांधणी अभियंता अर्देशीर करसेटजी, १८४१ साली. रामानुजन यांची निवड झाली ती १९१८ मध्ये.

हिंदुस्थानात विल्यम जोन्स यांनी १५ जानेवारी १७८४ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढली. मुंबईत २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नर निवासात सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई ती हीच. पहिले सभासद सगळे युरोपीय. माणेकजी करसेटजी यांच्या रूपाने पहिला भारतीय सभासद आत आला तो १८४० मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी. या देशाच्या भाषा आणि धर्म यांवर देशातल्या एकाही माणसाला न बसवता इतकी वर्षे चर्चा चालली होती, हे विसरता कामा नये.

दार उघडल्यावर मात्र चित्र झपाट्याने बदलले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी रुग्ण तपासता तपासता शिलालेखांचे ठसे गोळा केले. अजिंठ्याच्या लेखांवरचा त्यांचा निबंध १८६३ चा आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. त्यातला अवशेषांचा करंडक पुढे सोसायटीच्या संग्रहात आला. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. डॉक्टर, न्यायाधीश, पंडित अशी ही माणसे. संशोधनासाठी पगार मिळणारा त्यांत जवळपास कोणी नव्हता.

मुंबईत त्याच काळात आणखीही हालचाल होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभांमध्ये निबंध मातृभाषेत वाचले जात, आणि पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळाही उघडल्या. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठजणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात पणजीला १८७१ पासून वास्को द गामा संस्था होती. तिचेच नाव आज मिनेझिस ब्रागांझा संस्था.

पुण्याची कथा निराळी आहे आणि ती कागदांपासून सुरू होते. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाईहून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपतच्या काळातली पत्रे त्यात आहेत. राजवाडे गावोगाव हिंडत, वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, सोडवत, वाळवी लागलेल्या कागदांतला मजकूर उतरवत. एकट्या माणसाचे हे बळ कुठवर पुरणार? ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सभांतून टिपणे वाचली जात. वकील, शाळामास्तर, कारकून, वतनदार घराण्यातला एखादा, असे कोणीही आपल्याला मिळालेला कागद घेऊन येई. शिस्त एवढीच की मूळ कागद जसाच्या तसा छापायचा. मग संपादकाने लावलेला अर्थ चुकला असेल तर तोच कागद वाचून दुसरा माणूस चूक दाखवू शकतो. ही शिस्त मला अतिशय मोलाची वाटते.

तिचे सगळ्यांना ठाऊक असलेले फळ म्हणजे शिवजन्माची तिथी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साली झाला, हेच बखरींवरून सर्वत्र धरले जाई. भोर संस्थानातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक जुनी शकावली होती. त्या घराण्यातल्या दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली आणि टिळकांनी १९१६ मध्ये ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या घटना तीत तिथीवार आहेत. वर्णन नाही, स्तुती नाही. अमुक दिवशी अमुक झाले, एवढेच. शके १५५१ च्या नोंदीत फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरीस जन्म, असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

त्यावर वाद पेटला आणि अनेक वर्षे चालला. एका शकावलीवर किती भरवसा ठेवायचा, असा प्रश्न विचारणारेही मंडळाच्याच वर्तुळातले अभ्यासक होते. मग तंजावरला परमानंद कवीचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य मिळाले; स. म. दिवेकरांनी संपादित केलेली त्याची प्रत मंडळाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. महाराजांच्या हयातीतच लिहिलेल्या त्या काव्यातही तिथी तीच. राजस्थानात जोधपूरला मिळालेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातली कुंडलीही त्याच तिथीशी जुळली. एकमेकांशी संबंध नसलेली तीन साधने, तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेली. राज्य शासन आज १९ फेब्रुवारीला जी शिवजयंती साजरी करते, तिच्यामागे हे सगळे आहे. आजही तारखेवरून चर्चा निघते तेव्हा आवाज चढतो. तेव्हा मात्र अंक छापून उत्तर देत होते, आणि समोरचा पुढच्या अंकात प्रत्युत्तर देत होता.

मंडळाच्या जन्मानंतर सात वर्षांनी, ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला, आणि मुंबई सरकारने अर्धशतकात जमवलेली हस्तलिखिते १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातून तिच्याकडे आली. १९१९ मध्ये पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद इथेच भरली. त्याच वर्षी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला, म्हणजे हस्तलिखिते ताडून मुळाशी जवळचा पाठ ठरवण्याच्या कामाला, हात घातला गेला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले होते. पुढे हैदराबादच्या निजामांच्या देणगीतून अतिथिगृहही उभे राहिले.

ते काम कसे चालत असे हे पाहण्यासारखे आहे. एका श्लोकासाठी एक कागद. वर प्रचलित पाठ, अक्षरे सुटी सुटी मांडून. खाली प्रत्येक हस्तलिखिताची ओळ, आणि जिथे पाठ वेगळा असेल तेवढेच अक्षर त्या त्या अक्षराखाली लिहायचे. काश्मिरी शारदा लिपी वाचणारा एक, बंगाली वाचणारा दुसरा, दक्षिणेतली ‘ग्रंथ’ लिपी आणि मल्याळम वाचणारे आणखी कोणी. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही ताडून पाहण्याचे काम चाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकलेल्या या गृहस्थांनी कोणता पाठ का घ्यायचा याचे नियम आदिपर्वाच्या प्रस्तावनेत मांडले. १९४३ मध्ये ते गेले. त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. १,२५९ हस्तलिखिते वापरून तयार झालेली ही १९ खंडांची आवृत्ती २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पुरी झाल्याचे जाहीर झाले. सत्तेचाळीस वर्षे! तीन वर्षांच्या अनुदानावर बेतलेल्या आजच्या प्रकल्पांत हे बसलेच नसते. एका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांबीचे काम अंगावर घ्यायला संस्थाच लागते.

गणिताचेही असेच. व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रास प्रांतातल्या सरकारी अधिकाऱ्याने १९०७ मध्ये गणितप्रेमींचा एक क्लब काढला. पुढे तीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होते. परदेशी नियतकालिके इथे यायची आणि टपालाने सभासदांकडे फिरून परत यायची. दूरच्या गावातल्या प्राध्यापकालाही त्यामुळे ताजा अंक हाती लागे. पदवी हाती नसलेल्या रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये याच सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी तिथे घातलेला एक प्रश्न सहा महिने कोणाला सुटला नाही, शेवटी त्यांनीच उत्तर दिले.

या मंडळांना मर्यादा होत्या, आणि त्या लहान नव्हत्या. पुण्याच्या सभांतले श्रोते आणि वक्ते बहुतेक ब्राह्मण पुरुष. गोळा झालेले कागद देशमुखांचे, सरदारांचे, पेशव्यांशी नाते असलेल्या घराण्यांचे. ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते त्यांचा इतिहास या रुमालांत थेट सापडत नाही. बाईच्या नावावरची सभासदत्वाची नोंद दुर्मीळ. लंडनमध्येही स्त्रियांना रॉयल सोसायटीच्या फेलो व्हायला १९४५ साल उजाडावे लागले. शिवाय भांडणे. राजवाडे स्वतःच काढलेल्या मंडळापासून दूर गेले आणि शेवटी धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले. त्यांच्या संग्रहाभोवती धुळ्याला वेगळे संशोधन मंडळ उभे राहिले. मंडळ पुण्यात टिकले ते दत्तो वामन पोतदारांसारख्यांमुळे. वर्षानुवर्षे चिटणिसाचे किचकट काम त्यांनी केले, आणि १९६१ मध्ये तेच पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर पगारी संशोधन विद्यापीठांत गेले आणि ते व्हायलाच हवे होते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला संशोधनात येण्याची वाट त्यानेच मिळाली. पण निबंधाची पारख करण्याचे कामही सभांकडून निघून याद्यांकडे गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी करायचे ठरवले, तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता. २०२५ मध्ये ती यादी बंद झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, मुख्यतः मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिके विद्यार्थ्यांना वाचता यावीत म्हणून. सोय मोठी आहे. मराठीतली त्रैमासिके मात्र वर्गणी आणि देणग्यांवर निघतात, आणि २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा या संस्था किती उघड्यावर आहेत हेही दिसले.

भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आज मोडी कागदांचा फार मोठा संग्रह आहे आणि त्यातले पुष्कळ अजून छापलेले नाहीत. ते वाचायला मोडी हवी, काहींना फारसी हवी, ग. ह. खरे यांनी मंडळात राहून दोन्हींवर आयुष्य घातले. असा एखादा कागद वाचून, त्यावर टिपा देऊन नीट संपादित करायला महिने जातात. नेमणूक आणि बढतीच्या हिशेबात त्या कामाला शोधनिबंधाइतकेच वजन मिळायला हवे, आणि ते काम मंडळाच्या सभेत वाचून, हरकती ऐकून मग छापलेले असेल तर थोडे जास्तच.